मिरवणुकीतला बेंजो : एका विद्युत तंतुवाद्याचा इतिहास

गणपतीची मिरवणूक, दहीहंडी, हळद किंवा वरात यांत ढोल-ताशांच्या वर चढून चाल ऐकवणारा बेंजो हे कळा असलेले तंतुवाद्य आहे. चामड्याने मढवलेल्या अमेरिकी बॅंजोशी त्याचे नाते नावापुरतेच. घडणीने तो जपानी ताइशोगोतोच्या घराण्यातला आहे, आणि आजच्या त्याच्या आवाजाची जात इलेक्ट्रिक गिटारची आहे. खुद्द इलेक्ट्रिक गिटार महाराष्ट्रात मुख्यतः चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, ऑर्केस्ट्रात आणि शहरी बँडमध्ये रुजली. रस्त्यावर बेंजो टिकला. याचे कारण पैसा किंवा फॅशन यांपेक्षा दोन्ही वाद्यांच्या घडणीत अधिक सापडते.

ताइशोगोतो १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात तयार झाला. त्याच वर्षी तेथे ताइशो सम्राटाचे राज्य सुरू झाले, म्हणून हे नाव. त्याचा कर्ता मोरिता गोरो हा वादक युरोप-अमेरिकेचा दौरा करून आलेला होता. जपानी दोनतारी वाद्याला त्याने टायपरायटरसारख्या कळा बसवल्या. तारेवर नेमक्या जागी बोट ठेवण्याची वर्षानुवर्षांची तालीम त्यामुळे एकदम अनावश्यक झाली. घरच्या घरी शिकता येणारे स्वस्त वाद्य म्हणून जपानमध्ये त्याचा खप झाला आणि निर्यातीच्या मालातून ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात उतरले. इकडे ते बुलबुलतरंग झाले. कराची आणि मकरान किनाऱ्यावरच्या बलुची संगीतात त्याला ‘बेंजू’ म्हणतात आणि तेथे त्याला स्वतंत्र वादनाचा मान मिळाला. मुंबईत ते कव्वालीच्या पार्ट्यांत शिरले. पेटी आणि ढोलक यांच्या जोडीला बुलबुलतरंगाची खणखण ही कव्वालीच्या मुकाबल्यांची ओळखच होती.

मराठवाड्याचा हैदराबाद आणि मुंबई या दोन्ही दिशांशी संबंध होता. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास पूर्ण झाली. परभणी, पूर्णा, चुडावा, नांदेड ही स्थानके याच मार्गावरची. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तरी मनमाडमार्गे मुंबई गाठता येत होती. एका टोकाला हैदराबादची कव्वाली आणि दुसऱ्या टोकाला मुंबईचे चित्रपटगीत, असा हा पट्टा. शिवाय गावोगावच्या भजनी मंडळांमुळे पेटीवर हात फिरणारी माणसे येथे कायम होती. बेंजोच्या प्रसारात ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानायला हवी.

वाद्याची रचना जवळून पाहिली की हे स्पष्ट होते. लांबट लाकडी खोक्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात. मधल्या तारा चालीच्या, आणि कडेच्या आधारस्वराच्या. चालीच्या तारांखाली गिटारसारखे धातूचे पडदे असतात आणि वर कळांची चौकट. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्या खालची धातूची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते. कळ सोडली की स्प्रिंग तिला वर उचलते. उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. कळा पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे पेटी येणाऱ्या माणसाचा डावा हात थोड्या सरावाने बेंजोवर बसतो. विजेविना वाजणाऱ्या बुलबुलतरंगात मात्र दोन उणिवा होत्या. आवाज एका खोलीपुरता होता, आणि कळांची टकटक जवळजवळ सुराइतकीच ऐकू येत असे. ताशाच्या शेजारी त्याचा काहीच निभाव लागला नसता.

या दोन्ही उणिवांवरचा उपाय गिटारच्या इतिहासातून आला. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२मध्ये चुंबकीय पिकअपची पहिली यशस्वी गिटार बनवली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात तसाच विद्युत प्रवाह निर्माण होतो. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही, तो केवळ पोलादाची हालचाल टिपतो. म्हणून आवाजासाठी पोकळ खोक्याची गरज उरली नाही. लिओ फेंडरने १९५०मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिलाच पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळाले. १९५२मध्ये गिब्सन कंपनीची लेस पॉल आली आणि १९५४मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर.

या नमुन्यांतला फरक हातालाही जाणवतो आणि कानालाही. फेंडरच्या तारेची वाजती लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर, तर गिब्सनची सुमारे ६२८. तीच तार त्याच सुरात लावली तर गिब्सनवर ताण जवळपास सहा टक्क्यांनी कमी पडतो; बोटांना ती मऊ लागते आणि तार ओढून मींड काढणे सोपे जाते. फेंडरचा एकेरी वेटोळ्याचा पिकअप खणखणीत, धारदार बोलतो, पण आसपासच्या वीजवाहिनीची गुणगुणही पकडतो. गिब्सनसाठी सेथ लव्हरने १९५५मध्ये उलट-सुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप रचला. त्यात गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होते आणि आवाज जाडसर, भरदार होतो. तारेची आसही लांबते, असे वादक सांगतात; त्यात पिकअपइतकाच जड लाकडाचा आणि पक्क्या बसवलेल्या घोडीचा वाटा असतो.

मुंबईत विद्युत तार लोकांच्या कानावर आधी आली ती हवाईयन गिटारमधून. लखनौहून आलेल्या व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीतांच्या चाली तिच्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि त्यांच्या जोडीला अकॉर्डियनवर पुण्याचे इनॉक डॅनियल्स होते. या वादनात गाण्याचे शब्द नसत, पण चाल इतकी ओळखीची असे की ऐकणाऱ्याला ते मनातल्या मनात भरता येत. बेंजो पथकांची सगळी कला पुढे याच तत्त्वावर उभी राहिली. मात्र हवाईयन गिटार रस्त्यावर उतरू शकली नाही. धातूचा दांडा तारेवरून सरकवल्यामुळे तिला सुंदर मींड मिळते, आणि त्याच कारणाने दांडा केसभर चुकला तरी सूर घसरतो. बसून, शांतपणे, स्वतःचा आवाज ऐकत वाजवायचे ते वाद्य आहे.

बेंजोला पिकअप लागला तेव्हा त्याच्या दोन्ही उणिवा एकदम गेल्या. आवाज अॅम्प्लिफायर आणि भोंग्यांच्या ताब्यात गेला. कळांची लाकडी टकटक पिकअपच्या जगात जवळजवळ अस्तित्वातच नसल्याने मागे पडली. त्याबरोबर एक नवी अडचण आली. पोकळ खोका भोंग्यासमोर नेला की भोंग्याचाच आवाज खोक्याला हलवतो, तारा आपोआप थरथरतात आणि किंचाळी सुरू होते. गिटार बनवणाऱ्यांनी याच त्रासापायी भरीव लाकूड जवळ केले होते. मिरवणुकीच्या बेंजोतही खोक्याचा नाद गौण ठरला. महत्त्व आले ते तारा, पिकअप आणि कळांच्या अचूक बसणीला.

वाजवण्याच्या सोयीचा खरा फरक तारेच्या ताणात दडलेला आहे. गिटारवाल्याला कायम तडजोड करावी लागते. तारा जाड आणि ताठ असल्या तर आवाज भक्कम येतो व सूर टिकतो, पण बोटे सोलवटतात. तारा बारीक असल्या तर बोटे सुखावतात, पण नखीच्या जोरकस घावाने सूर हलतो. बेंजोत बोट तारेला शिवतच नाही. ताण कळेच्या पट्टीला सोसावा लागतो. त्यामुळे एकाच सुरात लावलेल्या दोन-तीन ताठ तारा एका कळेखाली घेता येतात आणि उजव्या हाताला त्यांवर तुटून पडता येते. तासन्‌तास चालणाऱ्या मिरवणुकीत, घामेजल्या हातांनी, अंधारात आणि गर्दीच्या धक्क्यात हीच गोष्ट निर्णायक ठरते. गिटारवर पडद्याच्या जागा चाचपाव्या लागतात. येथे कळ आपली जागा सोडत नाही.

ही सोय फुकट मिळालेली नाही. कळ अधिक जोराने दाबून सूर किंचित चढवता येतो, पण गिटारसारखी तार ओढून सबंध स्वराची मींड घेता येत नाही. कॉर्डही येत नाहीत, कारण चालीच्या सगळ्या तारा एकाच कळेखाली एकदम दाबल्या जातात. म्हणून बेंजोवादक लांब स्वर धरून ठेवत नाही. तो नखीने त्याच स्वरावर भरभर उलट-सुलट आघात करत राहतो आणि तुटणारी आस आघातांनी सांधतो. कोळीगीत, लावणी, भीमगीत, कव्वाली यांच्या चाली अशा वादनाला उत्तम मानवतात, कारण त्यांचा जोर लयीवर आणि ठळक स्वरांवर आहे. संथ भावगीत बेंजोवर वाजते, पण त्याचा जीव हवाईयन गिटारवरच लागतो. काही वादक गिटारसाठी बनलेली इको आणि डिस्टॉर्शनची यंत्रे मध्ये जोडतात. मग कळांचे हे वाद्य डोळे मिटून ऐकणाऱ्याला सरळ गिटार वाटते.

पथक उभे राहिले ते या आवाजाभोवती. बेंजो चाल वाजवतो. ढोल, ताशा, ढोलकी ठेका धरतात. पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. साहित्य हातगाडीवर किंवा टेम्पोत, वीज जनरेटरची. एकेरी वेटोळ्याचा पिकअप जनरेटरजवळ आला की गुणगुणतो, हा फेंडरवाल्यांचा जुना त्रास येथेही आहेच. मुंबई-कोकणात गणपती आणि दहीहंडी हे पथकांचे मोठे हंगाम. मराठवाड्यात लग्नसराई आणि आंबेडकर जयंती. २०१६मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बॅंजो’ हा हिंदी चित्रपट काढला आणि मुंबईच्या गल्लीतले हे वादक मोठ्या पडद्यावर कथेच्या मध्यभागी आले. त्यांची वादनकला त्याआधीही दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. संगीताच्या इतिहासात तिची नोंद फारच उशिरा आणि फारच त्रोटक झाली, हा दोष नोंद करणाऱ्यांचा आहे.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी केली. सणासुदीला राज्य सरकार ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. बेंजोपुढे या नियमांहून मोठे आव्हान डीजेचे आहे, कारण तेथे वादकांचा खर्च नाही. कीबोर्डही बेंजोचा आवाज काढू शकतो. मात्र ताशाच्या बदलत्या लयीबरोबर नखीचा आघात मागे-पुढे करणे, नाचणाऱ्यांकडे पाहून तीच ओळ चौथ्यांदा अधिक जोराने उचलणे, हे तारेवर जितके सहज होते तितके बटणावर होत नाही. म्हणून कीबोर्ड असलेल्या पथकातही चालीची मुख्य ओळ बहुधा बेंजोवरच राहते.