चाळीस रुपयांचं पाणी

२० मार्च १९२७, महाड. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या मांडवात तुम्ही खेटून बसला आहात. ऊन चढलंय. शेजारचा म्हातारा गावाहून पायी आलाय, खांद्याला भाकरी बांधून. पलीकडे पलटणीतून पेन्शनीत निघालेले दोन महार शिपाई ताठ बसलेत.

घसा कोरडा पडतो. समोर येतं ते पाणी विकतचं. गावातला एकही पाणवठा तुम्हाला, अस्पृश्यांना, खुला नाही, म्हणून चालकांनी चाळीस रुपये मोजून ते स्पृश्यांकडून भरून घेतलंय. आणि याच गावात चवदार तळं आहे, जिथं गुरं खुशाल पाणी पितात.

कागदावर मात्र ते तळं तुमचंच आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांनी मांडलेला ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या साली महाडच्या नगरपालिकेनंही तसाच ठराव केला. तीन वर्षं झाली, एक घागर भरलेली नाही. ठराव करणाऱ्यांची नियत खोटी होती असं मी म्हणणार नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस तर या परिषदेच्या बाजूचे. पण ठराव वठवायला पोलीस पुढे येत नाहीत, कोर्ट येत नाही. ज्याला तहान लागते त्यालाच उठावं लागतं.

आभाराची भाषणं चाललीत तेवढ्यात परिषदेचे एक चालक अनंतराव चित्रे उभे राहतात आणि म्हणतात, चला, तळ्यावर जाऊ. मांडव उठतो. चौघाचौघांच्या रांगा लागतात. बाजारपेठेतून जाताना दारंखिडक्यांतून डोळे रोखलेले दिसतात, पण कुणी आडवं येत नाही. आंबेडकर पायऱ्या उतरतात, ओंजळ भरतात, पितात. मग तुम्ही. म्हाताऱ्याचे हात एवढे थरथरतात की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडतं. तो पुन्हा वाकतो.

दोन तासांत आवई उठते: हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मांडवावर येतो, जेवत्या माणसांना झोडपतो, अन्न मातीत कालवतो. मुसलमानांच्या घरांत आसरा मिळतो म्हणून कित्येक वाचतात. पलटणीतले शिपाई दात-ओठ खात आंबेडकरांच्या एका शब्दाची वाट पाहतात. ते हात उचलू देत नाहीत. महाडची सगळ्यात अवघड घटका माझ्या लेखी हीच. पाण्यापर्यंत जाण्यापेक्षा अवघड. त्या दिवशी रक्तपात झाला असता तर सरकारला तळ्याचा प्रश्न गुंडाळून फक्त दंगलीबद्दल बोलता आलं असतं.

मागाहून तळं 'शुद्ध' केलं जातं, शेणागोमूत्रानं. ऑगस्टात नगरपालिका आपला ठरावच मागे घेते.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी तुम्ही पुन्हा महाडला निघता. मोटारवाले नेत नाहीत म्हणून मुंबईहून बोटीनं दासगाव, तिथून पायी. मांडवाला जागा देतात फत्तेखान नावाचे मुसलमान गृहस्थ. २५ तारखेला मनुस्मृती जळते. त्याच दिवशीच्या भाषणात आंबेडकर या सभेचं नातं १७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी जोडतात. पाण्यापुरतं हे नाही, समतेसाठी आहे. पण तळं खाजगी असल्याचा दावा सवर्णांनी दाखल केलाय, कोर्टाची मनाई आलीय. हजारो माणसं पाण्याला हात न लावता परत फिरतात. तुम्ही चिडता. चिडाच.

खटला नऊ वर्षांहून जास्त चालतो. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्ट वादींचं अपील फेटाळतं: अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी चालत आलेली रूढी त्यांना सिद्ध करता आलेली नाही. तोवर म्हातारा असेल-नसेल.

आणखी तेरा वर्षं पुढे या. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेचं १५वं कलम उघडा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कुठल्याही नागरिकाला कुठल्या ठिकाणी अडवता येणार नाही, त्यांची तिथं यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, रस्ते. आणि सरकारी पैशातून राखलेल्या वा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.