किनाऱ्यावरचे गाव आणि समोरचे बेट : कोकणातील सागरी दुर्गांच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

मुंबईच्या दक्षिणेस थळपासून मालवणपर्यंत कोकणच्या किनाऱ्यालगत अनेक लहान खडकाळ बेटे आहेत. त्यांपैकी खांदेरी, उंदेरी, जंजिरा, कांसा, सुवर्णदुर्ग आणि कुरटे या बेटांवर मध्ययुगात दुर्ग उभे राहिले. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिताना या दुर्गांचे महत्त्व सर्वच अभ्यासकांनी मान्य केले आहे. तटाची लांबी, बुरुजांची संख्या, तोफा, वेढे आणि तह यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. तथापि या प्रत्येक बेटासमोर किनाऱ्यावर एक मच्छीमार गाव आहे, याची नोंद बहुधा ‘येथून होडी मिळते’ एवढ्याच वाक्यात केली जाते.

प्रस्तुत निबंधात उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेका बेटाचा क्रमाने विचार करून पुढील मत मांडण्याचा प्रयत्न केला आहे : सागरी दुर्ग हे एकटे उभे राहणारे स्थापत्य नव्हते. बेट, समोरचे गाव आणि त्या दोहोंमधील पाण्याचा पट्टा मिळून एक घटक तयार होत असे. हा पट्टा ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुर्ग, असे इतिहासातील प्रसंगांवरून दिसून येते. पाण्याच्या या पट्ट्याचे ज्ञान मात्र ना किल्लेदाराकडे होते, ना दरबाराकडे. ते कोळी, भंडारी आणि गाबीत समाजाकडे होते.

खांदेरी-उंदेरी आणि थळ

खांदेरी हे बेट थळच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर असून उंदेरी त्याहून किनाऱ्याला जवळ आहे. मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येत असल्याने शिवाजी महाराजांना हे बेट हवे होते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते मराठ्यांकडे जाणे इंग्रजांना व सिद्दीला मान्य नव्हते. १६७२ मधील पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागल्यानंतर ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी याच्या नेतृत्वाखाली बेटावर बांधकाम सुरू झाले.

हा महिना विचारात घेण्याजोगा आहे. पावसाळा अद्याप पूर्णपणे सरलेला नसताना, समुद्र खवळलेला असताना माणसे, दगड आणि धान्य बेटावर नेण्याचे काम किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या खलाशांशिवाय होणे शक्य नव्हते. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला, तेव्हा इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ या जहाजापुढे मराठी आरमाराला माघार घ्यावी लागली.

केवळ तोफांचा हिशोब मांडला तर इंग्रजांचे पारडे हलके नव्हते. असे असूनही जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांना समझोता करून माघार घ्यावी लागली व खांदेरी मराठ्यांकडे राहिली. याचे कारण मोठ्या जहाजांच्या लढाईत शोधण्याऐवजी लहान होड्यांच्या फेऱ्यांत शोधावे लागते. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून रसद घेऊन निघणाऱ्या उथळ बुडाच्या होड्या इंग्रजांना अडवता आल्या नाहीत. पावसाळा ओसरल्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अशा होड्यांना बेटाकडे नेण्यास अनुकूल ठरतो आणि दिवसाचा खारा वारा परतीस. ज्या खडकांना मोठी जहाजे घाबरत, त्याच खडकांमधून वाट काढणे हा थळ परिसरातील दर्यावर्दींचा रोजचा व्यवसाय होता. याच सुमारास सिद्दीने उंदेरी बेट ताब्यात घेऊन तेथे तटबंदी केली, तीही खांदेरी आणि किनारा यांच्यामधील वाट अडविण्याच्या हेतूनेच, असे म्हणता येईल.

खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभारण्यात आले आणि १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. सत्ता बदलल्या, तरी बेटावरील वेताळाचे देवस्थान कोळ्यांचे श्रद्धास्थान राहिले. दुर्ग राज्याचा असला, तरी बेट गावाचे होते, ही धारणा त्यातून व्यक्त होते.

जंजिरा, पद्मदुर्ग आणि राजपुरी

थळहून दक्षिणेस मुरूड-राजपुरीच्या परिसरात हेच नाते अधिक गुंतागुंतीचे झालेले दिसते. ‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. परंपरेनुसार येथील पहिली तटबंदी कोळ्यांनी स्वसंरक्षणार्थ उभारलेला लाकडी मेढेकोट होती आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. पुढे निजामशाहीच्या काळात हे बेट कोळ्यांच्या हातून गेले. म्हणजेच कोकणातील सर्वांत बलाढ्य सागरी दुर्गाचा आरंभ एका मच्छीमार वस्तीच्या गरजेतून झाला, असे ही परंपरा सांगते.

प्रस्तुत निबंधातील मताला जंजिरा हा अपवाद आहे, असा आक्षेप घेता येईल. मराठ्यांनी दंडा-राजपुरीचा किनारा काही काळ ताब्यात घेतला होता, तरी जंजिरा पडला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीकडून खाडीत भराव टाकून बेटापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. तथापि थोडे खोलात गेल्यास हा अपवाद वरवरचा ठरतो. सिद्दीने मोगलांचा आश्रय स्वीकारल्यानंतर त्याला सुरतेकडून साहाय्य मिळू लागले आणि त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेऊ लागले. समोरचा किनारा हातून गेला, तरी त्याच्याकडे दूरचे दुसरे किनारे होते. किनाऱ्याशिवाय बेट टिकले असे नसून, बेटाने किनारा बदलला, असेच म्हणणे योग्य ठरेल.

जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. या दुर्गाला रसद पाठविण्यात कुचराई केल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनी १६७५ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याची आठवण बहुधा महाराजांच्या करड्या शिस्तीचे उदाहरण म्हणून केली जाते. परंतु वेळेवर न पोहोचलेल्या ऐवजामुळे व धान्यामुळे उभा राहत असलेला दुर्ग आणि त्याच्या रक्षणाचे आरमार धोक्यात येते, ही वस्तुस्थितीही त्यातून तितकीच स्पष्ट होते.

याच परिसरातील लाय पाटील याची हकिकत बखरीतून व परंपरेतून आली आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे जोखमीचे काम या कोळी प्रमुखाने पार पाडले. ठरलेले सैन्य वेळेवर न पोहोचल्याने मोहीम फसली, परंतु त्याच्या पराक्रमाबद्दल महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर वावरणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, अशी त्याने विनंती केली, तेव्हा त्याला ‘पालखी’ याच नावाचे गलबत बांधून देण्यात आले, असे सांगितले जाते. या हकिकतीचा तपशील काटेकोरपणे सिद्ध करणे कठीण असले, तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. राज्याची मानमरातबाची भाषा जमिनीवरची होती. तिला दर्यावर्दी समाजाच्या भाषेत उतरवावे लागले, याची जाणीव त्या काळच्या लोकस्मृतीने जपली आहे.

सुवर्णदुर्ग आणि हर्णै

हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग हे आंग्रे घराण्याचे प्रमुख ठाणे होते. त्याच्या पाठीशी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड असे तीन लहान दुर्ग होते. बेट आणि किनारा यांच्यामधील पट्टा राखण्यासाठीच ही रचना केली गेली, हे नकाशावर दृष्टी टाकताच लक्षात येते.

१७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांचे साहाय्य घेतले. त्या मोहिमेत कमोडोर विल्यम जेम्स याने प्रथम दुर्गाच्या समुद्राकडील बाजूवर मारा केला. परंतु तेथील खडकावर उभारलेल्या तटापुढे त्याचा निभाव लागला नाही. नंतर त्याने जहाजे दुर्ग आणि किनारा यांच्यामधील अरुंद पाण्यात आणली. तेथून झालेल्या माऱ्यात दुर्गातील कोठाराला आग लागून दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि होड्यांतून किनाऱ्याकडे निघालेल्या लोकांना मध्येच पकडण्यात आले. एप्रिलच्या आरंभी दुर्ग पडला. खांदेरीच्या बाबतीत इंग्रजांना जे साधले नव्हते, ते पाऊणशे वर्षांनी येथे साधले : त्यांनी मधला पट्टा तोडला. या दोन प्रसंगांची तुलना प्रस्तुत मताचा सर्वांत बळकट आधार आहे.

सिंधुदुर्ग आणि मालवण

मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाला. त्या प्रसंगीचे पूजन मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ या खडकापाशी झाल्याचे मानले जाते. बेटावरच्या दुर्गाचा पहिला विधी किनाऱ्यावर व्हावा, ही बाब सूचक आहे. बेटाभोवतीचे पाणी पाण्याखालील खडकांनी भरलेले असून होडीला नागमोडी वाटेनेच जावे लागते. ही जागा दाखविणाऱ्या स्थानिक दर्यावर्दींना इनामे देण्यात आल्याची परंपरा मालवण परिसरात आहे.

सुमारे ४८ एकर क्षेत्राच्या या दुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पाण्याची सोय असल्याने येथे कायमची वस्ती टिकली. तथापि धान्य, जळण, औषध आणि लग्नकार्य यांसाठी ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या मालवणवर अवलंबून राहिली.

आगबोटींचा काळ

१८१८ नंतर या दुर्गांचे लष्करी महत्त्व संपले, परंतु मधल्या पट्ट्याचे महत्त्व संपले नाही. पुढे मुंबईहून कोकणच्या बंदरांना आगबोटी जाऊ लागल्या, तेव्हा धक्का नसलेल्या बंदरांत बोट खोल पाण्यात नांगर टाकीत असे आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावे लागे. मुंबईत गिरणीकाम करणारा चाकरमानी घरी पोहोचत असे तो अखेरीस गावातल्याच खलाशाच्या भरवशावर. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्या दिवशी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी अनेक उतारूंचे प्राण वाचविले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रवासी बोटवाहतूक बंद पडली आणि रस्ता व रेल्वे आल्यावर किनाऱ्यावरील बंदरे एकमेकांपासून दूर गेली.

वर्तमान स्थिती

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन बेटांवरील दुर्ग आहेत. ही अभिमानाची बाब होय. या नावातील ‘भूदृश्य’ हा शब्द गांभीर्याने घेतला, तर समोरचे गाव त्यात आपोआप येते. प्रत्यक्षात मात्र जतनाची चर्चा तट आणि बुरुज यांच्यापाशीच थांबण्याचा धोका आहे.

दुसरीकडे गावांचा आधार कमकुवत होत आहे. मालवणच्या किनाऱ्यावर अनेक कुटुंबांनी मिळून ओढावयाची आणि मासळीचे वाटे करावयाची रापण ही पद्धत यांत्रिक नौकांपुढे टिकणे कठीण झाले आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ संघर्षानंतर २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आणि २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दंडाची तरतूद कडक करण्यात आली. मालवणला १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याविषयीही मच्छीमारांच्या मनात शंका राहिली, कारण संरक्षणाच्या नावाखाली आपलेच पाणी आपल्याला बंद होईल, अशी त्यांना भीती वाटली. वारसा जतनाच्या बाबतीत अशी भीती पुन्हा निर्माण होऊ नये, असे वाटते. पर्यटकांच्या होड्यांमुळे काही कुटुंबांना उत्पन्न मिळते हे खरे, परंतु दुर्ग दाखविणारा तांडेल हा केवळ वाहतूकदार नव्हे. खडकांची नावे, उधाण-भांगाचे हिशोब आणि वाऱ्यांची ओळख या रूपाने तो स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे. हे साधन कागदावर नाही आणि त्याची नक्कलही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, कोकणातील सागरी दुर्गांचे सामर्थ्य तटाच्या जाडीइतकेच किनाऱ्याशी असलेल्या अखंड संपर्कावर अवलंबून होते. खांदेरी टिकली आणि सुवर्णदुर्ग पडला, याचे एक प्रमुख कारण येथे सापडते. दोन, हा संपर्क राखणारे समाज लिखित साधनांत अपवादानेच नावानिशी येतात. मायनाक भंडारी किंवा लाय पाटील यांची नावे उरली, त्यांच्याबरोबर वल्ही मारणाऱ्यांची उरली नाहीत. तीन, या उणिवेची अंशतः भरपाई मौखिक इतिहासाने होऊ शकते, मात्र त्यासाठी उपलब्ध काळ मर्यादित आहे.

या दृष्टीने किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी एकत्र येऊन प्रत्येक दुर्गासमोरील गावात खडक, वाटा, वारे आणि जाळी यांच्या स्थानिक नावांचा संग्रह करावा, तसेच वारसा व्यवस्थापनाच्या समित्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना स्थान मिळावे, असे सुचवावेसे वाटते. या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी याच गावांतून येतात. ज्या ज्ञानावर एकेकाळी एक आरमार उभे राहिले, ते आज त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्यांच्यानंतर दुर्ग उभे राहतील, परंतु त्यांच्याकडे जाणाऱ्या पाण्याचा इतिहास सांगणारे कोणी उरणार नाही.