स्पोर्ट्स कारचा क्लच आणि फ्लायव्हील अपग्रेड करावं का? खर्च करण्याआधी हे समजून घ्या

गाडी दहा-बारा वर्षांची झाली आहे, क्लच बदलायला आलाय आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणार आहे. अशा वेळी गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "उघडतोच आहोत, तर हेवी ड्युटी क्लच आणि हलकं फ्लायव्हीलही टाकून घ्या."

सल्ला बरोबर वाटतो, कारण या कामात मजुरीचा वाटा मोठा असतो आणि ती दोनदा द्यायची कुणाची तयारी नसते. पण क्लच आणि फ्लायव्हील हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाची गरज आहे म्हणून दुसऱ्याचीही असेलच असं नाही.

उदाहरण म्हणून निसानची ३७०झेड घेऊ. ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन, ३३२ हॉर्सपॉवर, ३६६ न्यूटन मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. २०२० पर्यंत बनलेली ही गाडी आयात होऊन भारतातही विकली गेली.

दोघांचं काम काय?

फ्लायव्हील ही इंजिनच्या क्रँकशाफ्टला जोडलेली जड चकती. इंजिनचा प्रत्येक स्फोट हा एक झटका असतो. फ्लायव्हील त्या झटक्यांमधली ऊर्जा साठवतं आणि इंजिन एकसारखं फिरत ठेवतं.

क्लच प्लेट या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की ही पकड सुटते, सोडलं की घट्ट होते. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाच्या मटेरियलची पकड, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यात हॉर्सपॉवर कुठेच येत नाही. क्लच निवडताना बघायचा आकडा टॉर्कचा.

आधी खात्री करा: बिघाड नक्की क्लचचाच आहे का?

वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर गाडी चालवताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि आरपीएम झपकन वर गेला, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. जळका वास हे दुसरं लक्षण. इथेही कारण झिजच असेल असं नाही. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून प्लेटवर आलं, तरी क्लच स्लिप होतो. सील न बदलता महागडा क्लच बसवला, तर तोही तसाच खराब होणार.

पेडल खाली बसत असेल किंवा गिअर पडत नसेल, तर संशय हायड्रॉलिक भागांवर घ्यायला हवा. ३७०झेडमध्ये क्लच सोडवणारा सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाच्या आत असतो. त्यातून गळती होणं ही या गाडीच्या मालकांमध्ये ओळखीची तक्रार आहे. हा बिघाड क्लच अपग्रेड करून जात नाही. उलट कडक प्रेशर प्लेटमुळे या सिलिंडरवरचा भार वाढतो.

क्लच अपग्रेड कधी करावा?

कंपनीचा क्लच इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा थोडा जास्त भार पेलेल अशा बेताने बनवलेला असतो. फक्त एअर फिल्टर किंवा एक्झॉस्ट बदललेल्या गाडीला तो पुरतो. टर्बो किंवा सुपरचार्जर बसवला, तर टॉर्क बराच वाढतो आणि तेव्हा अपग्रेड ही गरज बनते. वारंवार ट्रॅकवर जाणाऱ्यांनीही त्याचा विचार करावा.

क्लच निवडताना 'स्टेज १', 'स्टेज २', 'स्टेज ३' या नावांवर विसंबू नका. त्यांचं सर्वमान्य प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीची व्याख्या वेगळी. किती न्यूटन मीटर पेलतो आणि मटेरियल कोणतं, हे दोन प्रश्न विचारा. ऑरगॅनिक मटेरियलची पकड हळुवार बसते, म्हणून रोजच्या वापराला ते सोयीचं. सिरॅमिक जास्त उष्णता सोसतं, पण एकदम पकडतं. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रेंगाळताना गाडी धक्के खाते.

हलक्या फ्लायव्हीलने काय मिळतं?

इंजिनची ताकद वाढत नाही. फक्त फ्लायव्हील फिरवण्यात खर्च होणारी ऊर्जा कमी होते, त्यामुळे आरपीएम चटकन चढतो आणि तितकाच चटकन उतरतो.

हा फायदा गिअरनुसार बदलतो. ३७०झेडमध्ये चाक एकदा फिरतं, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये इंजिन सुमारे १४ वेळा फिरतं, सहाव्यात जेमतेम तीन वेळा. परिणाम या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा, फ्लायव्हीलचं ६ किलो वजन मध्यापासून सरासरी ११ सेंटीमीटर अंतरावरून कमी झालं. मग पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी सुमारे १३० किलोंनी हलकी झाल्यासारखी वागेल. सहाव्या गिअरमध्ये हा फरक ६ किलोंच्या आसपास उरतो. म्हणजे हायवेवर तो जाणवणारही नाही.

त्याची किंमत काय?

३७०झेडमध्ये मूळ फ्लायव्हील 'ड्युअल मास' प्रकारचं असतं. त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंग असतात आणि त्या इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचण्याआधी शोषून घेतात. हलकं, एकसंध फ्लायव्हील लावलं की हा गादीसारखा आधार जातो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. पेडल दाबलं की ती थांबते. हा आवाज सहसा बिघाडाचा नसतो, पण रोज ऐकावा लागतो.

शिवाय साठवलेली ऊर्जा कमी असल्याने चढावर गाडी उचलताना इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये याचा त्रास सर्वाधिक.

दुसरी बाजूही आहे. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या स्प्रिंग झिजतात आणि ते सहसा लेथवर फेसिंग करून वापरता येत नाही. ते खराब झालं असेल, तर नवं घ्यावंच लागतं आणि ते महाग असतं. तेव्हा एकसंध स्टीलचं फ्लायव्हील हा विचार करण्याजोगा पर्याय ठरतो.

मात्र इथे स्वस्त माल घेऊ नका. ३७०झेडचं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत जातं. त्या वेगात कमकुवत फ्लायव्हील फुटलं, तर तुकडे आवरण भेदून केबिनमध्ये शिरू शकतात. मोटरस्पोर्टमधलं 'एसएफआय १.१' प्रमाणपत्र आहे का, हे पाहून घ्या.

मग निर्णय कसा घ्यायचा?

- इंजिन मूळ स्थितीत आणि वापर रोजचा: कंपनीचाच क्लच. फ्लायव्हील चांगलं असेल तर तेच ठेवा.
- इंजिन मूळ, पण फ्लायव्हील झिजलेलं: नवं ड्युअल मास किंवा खडखड चालणार असेल तर एकसंध.
- अधूनमधून ट्रॅक: जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट.
- टर्बो किंवा सुपरचार्जर: वाढलेल्या टॉर्कच्या हिशेबाने क्लच. फ्लायव्हील तरीही आवडीचा भाग.

कोणताही पर्याय निवडला, तरी रिलीज बेअरिंग, आतला सिलिंडर आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घाला, मागचं ऑइल सील तपासा. मजुरी वाचवायची ती इथे. भारतात हे सुटे भाग बहुधा बाहेरून मागवावे लागतात, म्हणून ते हातात आल्यावरच गाडी उघडायला द्या. नवा क्लच बसल्यावर पहिले ८०० किलोमीटर शहरात, सबुरीने चालवा.

आणि शक्य असेल तर हलकं फ्लायव्हील बसवलेली तशीच एखादी गाडी आधी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवून बघा. ती खडखड रोज सहन होईल की नाही, ते तिथेच कळेल.