किती घेतल्यावर चढते? एका प्रश्नाची कुळकथा

डेट्रॉइटचे प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट सोकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली गरोदर बायकांसाठी चार प्रश्नांची एक चाचणी छापली. त्यातले तीन प्रश्न जुन्या प्रश्नावलीतून घेतलेले होते. पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का, कमी करावी असं कधी वाटलं का, सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो का. नवा होता तो पहिला: तुम्हाला किती पेले घेतल्यावर चढते?

खरी खुबी याच प्रश्नात आहे. ‘तुम्ही पिता का?’ असं विचारलं की पोटुशी बाई ‘छे, नाही’ म्हणून मोकळी होते. ‘किती लागते?’ असं विचारलं की आपण काही कबूल करतोय असं तिला वाटतच नाही. उत्तर दोन पेल्यांच्या वर गेलं की दोन गुण, बाकीच्या तिन्ही ‘हो’ला एकेक, एकूण दोन भरले की धोका. डॉक्टरी कागदावर इतका सभ्य कावा क्वचितच सापडतो.

पोटात असताना दारू मिळालेल्या मुलांना होणाऱ्या विकारांच्या कुटुंबाला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफएएसडी म्हणतात. तो मुलांत शोधायचा, तर सुरुवात आईपासून करावी लागते, हे कळायला जगाला बराच वेळ लागला. 1899 साली लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी दारूच्या आहारी गेलेल्या 120 कैदी बायका आणि त्यांची 600 मुलं यांचा हिशेब मांडला. त्यांच्याच नात्यातल्या न पिणाऱ्या बायकांशी ताडून पाहता, मूल मृत जन्मण्याचं किंवा लहानपणीच दगावण्याचं प्रमाण सुमारे अडीचपट निघालं. त्याहून बोलकी नोंद पुढची आहे. यांतल्या काही बायका गरोदरपणी गजाआड राहिल्या, दारूला तुटल्या, आणि त्या खेपेची मुलं धडधाकट निपजली. तुरुंगाने बाळंतपण सुधारलं! इतका स्वच्छ पुरावा समोर असूनही वैद्यकाने तो पाऊणशे वर्षं फारसा मनावर घेतला नाही.

1968 साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमॉईन यांनी पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांचं वर्णन छापलं. ते फ्रेंचमध्ये, एका प्रादेशिक नियतकालिकात आलं, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ताच नाही. मग 1973 मध्ये सिअ‍ॅटलला दारूच्या व्यसनात अडकलेल्या आयांची आठ मुलं केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांपुढे आणली गेली. त्यांतल्या चौघांचे चेहरे भावंडांसारखे. नातं मात्र काहीच नव्हतं. त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला, त्यातली आठ मुलं तीन वेगवेगळ्या वंशांची होती. हे मुद्दाम सांगायचं, कारण दारू आणि मूल असा विषय निघाला की आपल्याकडे बोट लगेच एखाद्या जमातीकडे वळतं.

चेहऱ्यावर काय पाहायचं? डोळ्यांची फट आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखालून ओठापर्यंत उतरणारी उभी पन्हळ सपाट. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सुसान अ‍ॅस्टली यांनी यासाठी पाच छायाचित्रांचं कार्ड केलं. ते मुलाच्या तोंडाशेजारी धरायचं आणि एक ते पाच गुण द्यायचे. मूल हसत नको, कारण हसलं की ओठ ताणून पातळ होतो आणि पन्हळ बुजते. कार्डाच्या दोन आवृत्त्या आहेत, एक गोऱ्यांसाठी, दुसरी आफ्रिकन वंशाच्यांसाठी. माळव्यातल्या भिलाल्याच्या किंवा कोरकूच्या लेकराला यांतलं कुठलं लावायचं?

शिवाय चेहरा फसवतो. कॅथलीन सुलिक यांनी 1981 मध्ये गाभण उंदरांवर केलेल्या प्रयोगातून दिसलं की चेहऱ्याची ही ठेवण गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत बिघडते; माणसात तो काळ तिसऱ्या आठवड्याच्या आसपासचा, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आतला. पुढच्या महिन्यांत घेतलेली दारू चेहऱ्याला हात न लावता मेंदूवर काम करते. म्हणून बहुसंख्य मुलांचे चेहरे चारचौघांसारखेच असतात. गडबड शाळेत दिसते: पाठ केलेलं राहत नाही, हिशेब जमत नाही, एका जागी बूड टेकत नाही. मास्तर म्हणतात वांड आहे.

मुलांना तपासायची रीत आपल्याकडे नवी नाही. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती 1909 साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. तिथे 1906 पासून शिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे तपासायला मुलं एका जागी मिळाली. बाळांची वाढ मोजण्याची देशी मोजपट्टीही बडोद्याचीच. प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतल्या बेली चाचणीला भारतीय रूप दिलं, त्यात 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालीच्या 67 आणि बुद्धीच्या 163 पायऱ्या आहेत. तिची सुधारित आवृत्ती पुढे पुण्यात झाली. आणि 6 फेब्रुवारी 2013 रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला.

हा कार्यक्रम आज नेमावरलाही आहे. नर्मदेच्या उत्तर काठावर, हंडियाच्या समोरचं हे गाव. सिद्धनाथाच्या देवळाचं, पूर्वी होळकरांच्या राज्यातलं, आता देवास जिल्ह्यातलं. कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं. वजन, उंची, दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल दाखवते आणि मूल पोषण पुनर्वसन केंद्रात जातं. यादीत तीसेक विकार आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, मंद शिकणं, चंचलपणा. एफएएसडी नावानिशी नाही. म्हणजे त्याची लक्षणं चार वेगवेगळ्या रकान्यांत विखरून पडतात आणि त्यांना जोडणारा प्रश्न कुठेच नसतो. खुजं, हडकुळं मूल आलं की कुपोषण समजायचं, खाऊ घालायचं, परत पाठवायचं. कुपोषण असतंच, पण तेवढंच आहे का, हे विचारत कुणी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांत पिणाऱ्या 1.3 टक्के निघाल्या. आकडा छोटा, म्हणून धोरणाच्या नजरेत विषयही छोटा. पण ही सरासरी आहे. धार-देवासच्या आदिवासी पट्ट्यात मोहाची दारू घरी गळते, देवाला चढते, लग्नात बायकापुरुष दोघं घेतात. तिथे ती लपवायची गोष्टच नाही. उलट शहरातली, कधीमधी दोन पेग घेणारी बाई डॉक्टरपुढे जास्त लपवेल.

सोकोल यांचा प्रश्न इथे आणायचा तर मापाची अडचण येते. बाटलीतल्या दारूचा पेला मोजता येतो. मोहाची पहिल्या धारेची कडक, नंतरची पाणचट. तेव्हा ‘किती पेले’च्या जोडीला ‘कुठल्या धारेची’ हेही विचारावं लागेल, आणि ते विचारायला त्याच वस्तीतली आशाताई हवी, बाहेरून आलेला फॉर्म नको.

अमेरिकेत 1989 पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा छापावा लागतो. आपल्याकडे 2019 पासून बंधनकारक झालेला इशारा आरोग्याबद्दल आणि गाडी चालवण्याबद्दल बोलतो, पोटातल्या मुलाबद्दल नाही. घरी गाळलेल्या दारूवर तर लेबल नसतंच. पण दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या ओळीत हा एक प्रश्न घालावा. दटावून नको, सहज विचारावा, आणि उत्तर मुलाच्या कार्डावर जपून ठेवावं.