मोटारीचा आरसा : मागे पाहण्याचा इतिहास



हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. जे डोळ्यांसमोर आहे ते पाहायला साधन लागत नाही, हा त्याचा भावार्थ. पण जे पाठीमागे आहे त्याचे काय? सशाला आणि घोड्याला निसर्गाने डोळे डोक्याच्या दोन अंगांना दिले. मान न वळवता त्यांना मागचे बरेचसे दिसते. माणसाचे दोन्ही डोळे पुढे. पायी चालणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडले नाही. त्याच्या मागून येणारे संकटही बहुधा पायांनीच येई आणि त्याची चाहूल कानाला लागे. मोटार आली आणि हा हिशेब बदलला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. मान वळवून मागे पाहायला एक सेकंद लागला, तर तेवढे अंतर चालक पुढचे न पाहता गेलेला असतो. पुढे पाहावे तर मागचे दिसत नाही, मागे पाहावे तर पुढचे सुटते, अशा पेचातून मोटारीचा आरसा जन्माला आला.

विषय वीतभर काचेचा आहे, आणि या व्यासपीठावरून बोलण्याच्या विषयांत तो किरकोळ वाटेल. परंतु या काचेमागे एक मोठा प्रश्न उभा आहे. हा आरसा एका माणसाच्या जागी आलेला आहे. त्या माणसाचे डोळे आपण काचेत बसवले. त्याची जबाबदारी कोणाकडे गेली?

पहिल्या काळात मोटार चालवणे हे दोघांचे काम होते. शर्यतीच्या गाडीत तर चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. तेलाचा पंप मारणे, चाकांवर नजर ठेवणे आणि मागून कोण येत आहे हे चालकाला सांगणे ही त्याची कामे. ज्यांच्याजवळ असा सोबती नसे त्यांनी काय करावे, याचे उत्तर छापील स्वरूपात देणाऱ्यांत एक स्त्री होती, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल. डोरोथी लेविट ही इंग्लंडमधील नामांकित मोटारचालक. तिने १९०९ साली स्त्रिया आणि मोटार या विषयावर एक पुस्तक लिहिले. स्त्रियांनी गाडीत एक लहानसा हातआरसा ठेवावा, आणि रहदारीतून जाताना तो मधूनमधून उंच धरून मागचा रस्ता पाहावा, असा सल्ला तिने त्यात दिला. ज्या आरशावरून पुरुष स्त्रियांची थट्टा करीत आले, त्याच आरशाचा असा शहाणा उपयोग तिने सुचवला!

यानंतर दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. धावपट्टी विटांची, आणि स्पर्धेत ४० गाड्या. त्यांत रे हॅरून हा मार्मन कंपनीचा अभियंता एका पिवळ्या, एकाच आसनाच्या गाडीत बसला होता. मेकॅनिक नाही म्हणजे गाडीचे वजन कमी आणि वेग जास्त, हा त्याचा हिशेब. इतर चालकांनी तक्रार केली: याच्या मागे पाहणारे कोणी नाही, हा आम्हा सर्वांना धोका आहे. तक्रार वाजवी होती. हॅरूनने त्यावर तोड काढली. सुमारे आठ इंच लांब आणि तीन इंच रुंद असा एक आरसा त्याने आपल्या पुढ्यात चार दांड्यांवर बसवला. १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिला होता, त्यावरून ही कल्पना सुचली, असे तो पुढे सांगे. सहा तास बेचाळीस मिनिटांत, ताशी सरासरी ७४.६ मैल वेगाने त्याने ती शर्यत जिंकली आणि आरशाचे नाव झाले.

पण या कथेची उत्तरार्धाची बाजू सहसा सांगितली जात नाही. विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता, की त्यात मला काहीच दिसत नव्हते, अशी कबुली खुद्द हॅरूनने मागाहून दिली. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटारीचा आरसा त्या दिवशी केवळ तक्रारदारांचे समाधान करण्यापुरता होता. त्याच शर्यतीत सॅम डिक्सन नावाचा एक मेकॅनिक गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. ज्याच्या जागी आरसा आला, त्या पेशातलाच तो माणूस. आणि पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, संयोजकांनी प्रत्येक गाडीत मेकॅनिक असलाच पाहिजे असा नियम केला. काचेवर विसंबायला ते अजून तयार नव्हते. आरसा बसवणे आणि आरशात दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा पहिल्याच पानावर लिहिला गेला. तो आपण किती लक्षात ठेवला, हे पुढे पाहू.

सामान्य गाड्यांत आरसा आला तो काहीशा मिश्कील मार्गाने. एल्मर बर्गर या अमेरिकन गृहस्थाने १९२१ च्या सुमारास मोटारीचा आरसा बाजारात आणला, तेव्हा मागून पाठलाग करणारा पोलीस आधीच दिसावा हा त्याचा गुण म्हणून सांगितला गेला. सुरक्षिततेपेक्षा दंड चुकवण्याची गरज माणसाला लवकर पटते, याला देशकाळाचे बंधन नाही.

आता आरशांचे प्रकार पाहू. पहिला सपाट आरसा. हा प्रामाणिक असतो. वस्तू आहे त्याच आकाराची दाखवतो, त्यामुळे मागची गाडी किती अंतरावर आहे याचा अंदाज बरोबर येतो. पण त्याची दृष्टी अरुंद. चालकाच्या बाजूचा सपाट आरसा जेमतेम १५ ते १७ अंशांचा पट्टा दाखवतो. दुसरा बहिर्गोल आरसा. स्टीलच्या वाटीच्या पाठीवर आपला चेहरा पाहिला तर साऱ्या खोलीसकट दिसतो, पण लहान दिसतो. तेच याचे तत्त्व. त्याचा आवाका मोठा, पण प्रतिबिंब लहान. आणि लहान दिसणारी वस्तू दूर आहे असे समजण्याची आपल्या मेंदूला सवय आहे. म्हणून अमेरिकेच्या कायद्याने चालकाच्या बाजूला सपाट आरसा सक्तीचा केला, आणि दुसऱ्या बाजूला बहिर्गोल आरसा बसवल्यास त्यावर वस्तू दिसतात त्याहून जवळ असतात, अशी सूचना कोरायला लावली. आपल्याकडच्याही अनेक गाड्यांवर हे इंग्रजी वाक्य असते. ते वाचून सोडून देण्याचे वाक्य नव्हे. डाव्या आरशात दूर दिसणारा स्कूटरस्वार प्रत्यक्षात गाडीच्या मागच्या चाकाशी आलेला असू शकतो.

सपाट आरशाचा प्रामाणिकपणा आणि बहिर्गोल आरशाचा आवाका एकत्र आणता येईल काय? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील गणितज्ञ अँड्र्यू हिक्स यांनी काचेचा पृष्ठभाग हजारो बारीक तुकड्यांच्या हिशेबाने वळवून असा आरसा तयार केला. तो सुमारे ४५ अंशांचा पट्टा फारशा विकृतीशिवाय दाखवतो, आणि त्याचे पेटंट त्यांना २०१२ मध्ये मिळाले. मौज अशी, की चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच हवा या वरील नियमामुळे अमेरिकेच्या नव्या मोटारींत तो कारखान्यातून बसवता येत नव्हता.

तिसरा प्रकार रात्रीचा. मागच्या गाडीचे प्रखर दिवे आतल्या आरशातून डोळ्यांवर आले, की चालकाला क्षणभर पुढचे दिसेनासे होते. यावर केलेली युक्ती फार सुंदर आहे. आतल्या आरशाची काच पाचरीच्या आकाराची, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. दिवसा आपण पाठीमागच्या चकाकत्या मुलाम्यावरून परतलेले प्रतिबिंब पाहतो. रात्री खालची लहान कळ ओढली, की आरसा किंचित कलतो, ते प्रखर प्रतिबिंब छताकडे जाते, आणि काचेच्या नुसत्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा सुमारे चार टक्के प्रकाश डोळ्यांत येतो. दिवे दिसतात, पण दिपवत नाहीत. ही कळ कशासाठी आहे हे ठाऊक नसताना वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक पुष्कळ असतील! १९८७ मध्ये मिशिगनच्या जेन्टेक्स कंपनीने विजेच्या प्रवाहाने आपोआप काळवंडणारा आरसा बाजारात आणला, आणि कळ ओढण्याचे कामही वाचले.

आरसे कितीही लावले तरी एक आंधळी जागा उरते. शेजारच्या पट्ट्यातून येणारी गाडी आतल्या आरशातून निघून गेलेली असते, बाहेरच्या आरशात आलेली नसते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यालाही दिसत नसते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ मध्ये एका निबंधात दाखवून दिले, की ही जागा पुष्कळ अंशी आपणच निर्माण करतो. बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीची बाजू दिसली पाहिजे अशी आपली समजूत असते, आणि म्हणून आरसा फार आत वळवलेला असतो. त्याची रीत आपल्या उजव्या सुकाणूच्या गाडीला लावून सांगतो. डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवा. मग डोके गाडीच्या मध्यावर आणा आणि डावा आरसा तसाच लावा. नीट बसल्यावर दोन्ही आरशांत स्वतःची गाडी दिसणार नाही. दिसेल तो शेजारचा पट्टा. एका पैशाचा खर्च नाही. एवढे करूनही वळण्यापूर्वी खांद्यावरून ओझरती नजर टाकावीच.

मालमोटारींच्या बाबतीत ही आंधळी जागा अधिक घातक ठरली. उंच बसलेल्या चालकाला आपल्या पुढच्या चाकाशेजारचा सायकलस्वार दिसत नाही. युरोपने २००३ च्या आदेशाने अवजड वाहनांचे आरसे वाढवले: रुंद दृष्टीचा, दाराखालचे दाखवणारा, आणि गाडीच्या नाकासमोरचे दाखवणारा. २००७ च्या आदेशाने रस्त्यावरच्या जुन्या मालमोटारींनाही मार्च २००९ पर्यंत नवे आरसे बसवायला लावले. तरीही अपघात थांबले नाहीत, कारण पाच-सहा आरसे एका वेळी पाहणारे डोळे दोनच. शेवटी लंडन शहराने निराळा विचार केला. चालकाला आरशाविना, काचेतून प्रत्यक्ष किती दिसते, यावर मालमोटारींना तारे देण्याची पद्धत सुरू झाली, आणि मार्च २०२१ पासून तिची अंमलबजावणी झाली. शंभर वर्षांनी गाडा पुन्हा माणसाच्या नजरेपाशी आला.

आणि जे कोणत्याही आरशात दिसत नाही, ते म्हणजे गाडीच्या अगदी मागे उभे असलेले लहान मूल. अमेरिकेत २००२ साली कॅमेरून गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या घराच्या आवारात, वडील गाडी मागे घेत असताना, तिच्याखाली सापडून गेला. वडिलांनी आरसे पाहिले होते. चूक त्यांच्या सावधपणात नव्हती. मुलाची उंचीच काचेच्या खाली होती. त्याच्या नावाने केलेला कायदा २००८ मध्ये मंजूर झाला, आणि मे २०१८ पासून त्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला मागचे दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. मूल गेले २००२ मध्ये, नियम लागू झाला २०१८ मध्ये. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे शहाणपण येण्यास सोळा वर्षे लागली.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे मागे पाहण्याचे काम दीर्घकाळ माणसानेच केले. ट्रकच्या डाव्या बाजूला क्लीनर उभा राही आणि पत्र्यावर थाप मारून इशारा देई, एस. टी. मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिटी वाजवी. जे त्यातूनही सुटे, ते आपण मागून येणाऱ्यावर सोपवले. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' म्हणजे दुसरे काय? मी मागे पाहणार नाही, तूच ओरडून सांग. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ही अक्षरे लिहिण्यास बंदी केली, ती गोंगाटाच्या कारणाने. पण तिचा खरा अर्थ असा, की मागचे पाहणे हे पुढच्याचे कर्तव्य आहे. २००९ साली आलेल्या टाटांच्या नॅनोच्या साध्या गाडीला बाहेरचा आरसा एकच, चालकाच्या बाजूला होता. डावीकडचा आरसा म्हणजे चैन, अशी तेव्हाची समजूत. जुलै २०१९ पासून मागे अडथळा असल्यास सूचना देणारे यंत्र नव्या मोटारींना सक्तीचे झाले. पण यंत्राने सूचना द्यावी आणि चालकाने गाण्याचा आवाज वाढवावा, तर कायदा काय करील? आरसे मुडपून ठेवलेल्या किंवा मुळीच आरसे नसलेल्या दुचाक्या आपल्या प्रत्येक गावात दिसतात. आणि उभ्या मोटारीचे दार आरशात न पाहता उघडले, तर मागून येणारा सायकलस्वार त्यावर आदळतो. म्हणून उजवीकडे बसलेल्याने दार डाव्या हाताने उघडावे. शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते. ब्रिटनने २०२२ मध्ये ही साधी सवय आपल्या वाहतूक नियमावलीत घातली.

जपानने २०१६ मध्ये आरशांऐवजी कॅमेरे लावायला परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये तेथे बाजूचे आरसेच नसलेली लेक्सस मोटार विक्रीस आली. उद्या कदाचित काचही जाईल. पण प्रश्न तोच राहील. आपल्या भाषेत सिंहावलोकन हा मोठा सुंदर शब्द आहे. सिंह चार पावले चालतो, थांबतो आणि मागे वळून पाहतो, असे म्हणतात. त्याला कोणाचे भय असते म्हणून नव्हे. आपण आलो ती वाट त्याला ठाऊक असावी लागते. मोटारीच्या चालकाला थांबता येत नाही, म्हणून त्याला आरसा दिला. शेजारी बसलेला मेकॅनिक, पत्र्यावर थाप मारणारा क्लीनर, शिटी वाजवणारा कंडक्टर, या सर्वांचे काम आता सुकाणूवर बसलेल्या एकट्याकडे आले आहे. आज घरी जाताना गाडी सुरू करण्यापूर्वी तिन्ही आरसे नीट लावा, आणि गाडी मागे घ्यायची असेल तर खाली उतरून एकदा मागे पाहा. एवढे झाले तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.