क्रीडाचाहते आणि पुष्टीकरण पूर्वग्रह

आपल्या संघाविषयी किंवा आवडत्या खेळाडूविषयी मनात आधीच पक्क्या झालेल्या मताला दुजोरा देणाऱ्या गोष्टी शोधणे, त्या चटकन मान्य करणे व जपून लक्षात ठेवणे, आणि मताविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी टाळणे, नाकारणे किंवा विसरणे, ही चाहत्यांमध्ये आढळणारी मनोवृत्ती. मानसशास्त्रात तिला पुष्टीकरण पूर्वग्रह म्हणतात. इंग्रजीतील कन्फर्मेशन बायस ही संज्ञाही मराठी लेखनात रूढ आहे. ही वृत्ती राजकारण, वैद्यक, न्यायदान अशा सर्व क्षेत्रांत दिसते. खेळात ती विशेष स्पष्टपणे तपासता येते, कारण सामन्याचे चित्रण आणि धावफलक दोन्ही शिल्लक राहतात व चाहत्याचे मत त्यांच्याशी ताडून पाहता येते.

संकल्पनेचा उगम. इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी नोव्हम ऑर्गानम (१६२०) या ग्रंथात या वृत्तीचे वर्णन केले आहे. त्यासाठी त्यांनी एक जुनी गोष्ट दिली आहे. नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्या लोकांची चित्रे देवळात लावलेली होती. ती दाखवून एका माणसाला विचारले गेले, की आता तरी देवांचे सामर्थ्य मानशील ना? त्यावर त्याने उलट विचारले, की नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये ही वृत्ती प्रयोगातून दाखवली. २, ४, ६ ही मालिका कोणत्या नियमाने बनली आहे, हे ओळखण्यासाठी सहभागींनी स्वतः नव्या मालिका सुचवायच्या होत्या. ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या’ असा अंदाज बांधलेले लोक ८, १०, १२ यांसारख्या जुळणाऱ्या मालिकाच पुन्हा पुन्हा सुचवत राहिले. खरा नियम ‘चढत्या क्रमातील कोणत्याही तीन संख्या’ एवढाच होता. आपला अंदाज खोटा पाडू शकेल अशी मालिका फार थोड्यांनी तपासली.

प्रिन्स्टन–डार्टमथ सामना. क्रीडाचाहत्यांवरील या विषयाचा सर्वांत गाजलेला अभ्यास वेसन यांच्या प्रयोगाआधीचा आहे. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन व डार्टमथ या दोन शिक्षणसंस्थांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. प्रिन्स्टनने तो १३–० असा जिंकला. प्रिन्स्टनचा नामवंत खेळाडू डिक कॅझमायर याचे नाक फुटून त्याला मैदान सोडावे लागले. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. धसमुसळेपणा कोणी सुरू केला, यावरून दोन्हीकडच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत वाद पेटला.

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ व प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही संस्थांतील विद्यार्थ्यांना सामन्याचे तेच चित्रण दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच खेळाडूंचे सरासरी ४.३. प्रिन्स्टनच्या नियमभंगांची मोजणी मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखी, चारच्या थोडी वर, भरली. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याला तर ज्या नियमभंगांची एवढी चर्चा झाली ते चित्रणात सापडेनात. म्हणून महत्त्वाचा भाग कापला गेला असावा असे समजून त्याने उरलेला भाग पाठवण्याची तार केली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की प्रेक्षागारातले सर्व जण एकच सामना पाहतात असे मानणे चूक आहे. प्रत्येक जण आपल्या निष्ठेनुसार त्यातल्या घटना निवडतो आणि त्यांना अर्थ देतो.

पूर्वग्रहाची कार्यपद्धती. हा पूर्वग्रह तीन टप्प्यांवर काम करतो. पहिला टप्पा लक्ष देण्याचा. प्रतिस्पर्धी खेळाडूने दिलेला धक्का नजरेत भरतो, आपल्या खेळाडूने दिलेला निसटतो. दुसरा अर्थ लावण्याचा. आपला संघ तळाच्या जोडीला घेऊन दिवसभर खेळपट्टीवर तग धरतो तेव्हा तो चिवटपणा ठरतो, समोरच्याने तेच केले की तो रडीचा डाव होतो. मुंबईच्या क्रिकेटला लावले जाणारे ‘खडूस’ हे विशेषण मुंबईकर अभिमानाने मिरवतो; त्याच खेळाला बाहेरचा प्रेक्षक निराळे नाव देतो. तिसरा टप्पा आठवणीचा. आपल्यावर झालेला अन्याय वर्षानुवर्षे सांगितला जातो, आपल्याला मिळालेले जीवदान पुढच्या सामन्यापर्यंतही टिकत नाही.

तिन्ही टप्प्यांमागे पुराव्याचे दुहेरी माप असते. सोयीची गोष्ट पुढे आली की चाहता ‘हे मानता येईल का?’ एवढेच पाहतो. गैरसोयीची आली की ‘हे मानणे भागच आहे का?’ असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला होकार मिळणे सोपे असते आणि दुसऱ्याला नकार मिळणेही तितकेच सोपे. त्यामुळे एकही तथ्य खोटे न सांगता चाहता चुकीच्या मतावर प्रामाणिकपणे ठाम राहू शकतो.

गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या फलंदाजाला धावबाद करण्याचा वाद हे याचे ठळक उदाहरण आहे. विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीत बिल ब्राऊन यांना असे बाद केले. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच बाद केले. नियमानुसार दोन्ही फलंदाज निःसंशय बाद होते. तरी लॉर्ड्सच्या प्रसंगानंतर ‘नियम तो नियम’ म्हणणारे आणि ‘खिलाडूवृत्ती कोठे गेली’ म्हणणारे यांची विभागणी बहुतांशी देशांच्या सीमारेषेवरच झाली.

तेंडुलकरची शतके. ‘सचिनने शतक केले की भारत हरतो’ हे वाक्य महाराष्ट्रात घराघरांत, लोकलच्या डब्यात आणि कट्ट्यांवर वर्षानुवर्षे बोलले गेले. त्याला आधार वाटावा असे सामने खरोखर झाले. जानेवारी १९९९ मधील चेन्नई कसोटीत पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना पाठदुखी सोसत सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा केल्या; ते बाद झाल्यावर उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला. नोव्हेंबर २००९ मध्ये हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांच्या १७५ धावांनंतरही भारत तीन धावांनी हरला. मार्च २०१२ मध्ये मीरपूरला त्यांचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक झाले, तो सामना बांगलादेशने जिंकला.

धावफलक मात्र वेगळे सांगतो. तेंडुलकर यांच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ वेळा भारत जिंकला, १४ वेळा हरला. एक सामना बरोबरीत सुटला व एक अनिर्णित राहिला. ५१ कसोटी शतकांपैकी २० सामने भारताने जिंकले, ११ गमावले आणि २० अनिर्णित राहिले. एकदिवसीय सामन्यांचा पूर्ण हिशेब मांडायचा तर चार रकाने भरावे लागतात : शतक आणि विजय, शतक आणि पराभव, शतक नाही आणि विजय, शतक नाही आणि पराभव. तेंडुलकर खेळलेल्या ४६३ एकदिवसीय सामन्यांपैकी भारताने २३४ जिंकले. म्हणजे शतकाच्या सामन्यांत विजयाचे प्रमाण ६७ टक्के, तर शतक नसलेल्या ४१४ सामन्यांत २०१ विजय, अर्थात सुमारे ४९ टक्के. लोकप्रिय समज दुसऱ्या एकाच रकान्याकडे पाहून तयार झाला होता. शतक करूनही पराभव झाला की तो जिव्हारी लागतो, त्यावर चर्चा झडते, आणि प्रत्येक नवा पराभव ‘पाहा, मी म्हणत नव्हतो?’ म्हणून जुन्या समजात जमा होतो. फेब्रुवारी २०१० मध्ये ग्वाल्हेरला केलेल्या नाबाद २०० धावा आणि १५३ धावांचा विजय त्या हिशेबात धरलाच जात नाही. बेकनच्या गोष्टीतील बुडालेल्यांच्या चित्रांचा प्रश्न येथे नेमका लागू पडतो.

सामना सुरू असताना ‘जागचा हलू नकोस, विकेट पडेल’ म्हणून घरातल्या माणसाला तासन्‌तास बसवून ठेवण्यामागेही हाच अपुरा हिशेब असतो. तो उठला आणि विकेट पडली, एवढेच ध्यानात राहते; तो बसलेला असताना पडलेल्या विकेट कोणी मोजत नाही.

पंच आणि तंत्रज्ञान. पंचांच्या निर्णयांबाबत हा पूर्वग्रह सर्वांत तीव्र होतो. जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना यष्टीमागे झेल जाऊनही पंच स्टीव्ह बकनर यांनी त्यांना नाबाद ठरवले. ते नाबाद १६२ पर्यंत गेले. राहुल द्रविडला चुकीचे बाद देण्यात आले आणि भारत १२२ धावांनी हरला. या चुका भारतीय चाहत्यांना आजही तोंडपाठ आहेत. त्याच सामन्यात रिकी पॉन्टिंगला चेंडू बॅटला लागलेला असताना हरभजनसिंगच्या गोलंदाजीवर पायचीत दिले गेले, ही भारताच्या पथ्यावर पडलेली चूक क्वचितच कोणी आठवते. या सामन्यातल्या मोठ्या चुका बहुतांशी भारताविरुद्ध गेल्या, हे खरेच आहे. पूर्वग्रह असलेल्या माणसाची तक्रारही रास्त असू शकते. पूर्वग्रहामुळे बिघडते ते एकूण चुकांचे प्रमाण ठरवणे.

डीआरएस ही निर्णय-पुनर्विलोकन पद्धत २००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात प्रायोगिक स्वरूपात वापरली गेली. तिच्यामुळे ढोबळ चुका कमी झाल्या, पण मतभेद संपले नाहीत. यष्टीवर चेंडूचा निम्म्याहून कमी भाग लागत असल्याचे दिसले, तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरील मूळ निर्णय कायम राहतो. त्यामुळे जवळपास सारख्याच चेंडूवर एक फलंदाज बाद, तर दुसरा नाबाद ठरू शकतो, आणि अशा संदिग्ध जागीच चाहत्याची निष्ठा निर्णयाला अर्थ देऊ लागते.

चाहत्यांच्या आवाजाचा पंचांवरही परिणाम होतो. ॲलन नेव्हिल व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात ४० प्रशिक्षित पंचांना ॲनफिल्डवरील लिव्हरपूल–लेस्टर फुटबॉल सामन्यातील प्रसंग दाखवण्यात आले. प्रेक्षकांचा गलका ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले.

भाकिते आणि ओळख. जोसेफ सिमन्स व केड मॅसी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना अचूक भाकितासाठी ५० डॉलर देऊ केले. तरीही आपल्या संघाविषयीचा त्यांचा अवास्तव आशावाद टिकून राहिला. म्हणजे हा निव्वळ बोलण्यापुरता उत्साह नव्हता, त्यांना तसे मनापासून वाटत होते. याचे एक कारण संघाशी जडलेली ओळख हे होय. रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले, की विद्यापीठाचा संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालतात, आणि बोलताना विजय ‘आपला’ व पराभव ‘त्यांचा’ होतो. संघाचा कमीपणा स्वतःचा वाटू लागला, की संघाविरुद्धचा पुरावा स्वीकारणे जड जाते.

मतभेद व मर्यादा. चाहत्यांना वेगळे ‘दिसते’ की तेच दिसून ते वेगळे ‘ठरवतात’, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. पूर्वीच्या माहितीला वजन देणे मुळात चूकही नव्हे : दहा वर्षे उत्तम खेळलेल्या फलंदाजावर दोन अपयशी डावांनंतरही विश्वास ठेवणे शहाणपणाचे असते. विरुद्ध पुरावा साचत गेला तरी मत जराही हलत नाही, तेव्हाच त्याला पूर्वग्रह म्हणावे. शिवाय चाहत्यांना चुकीचे ठरवणारे अभ्यासकही चुकू शकतात. बास्केटबॉलमधील ‘हॉट हँड’, म्हणजे ओळीने गोल करणाऱ्याचा हात बसलेला असतो हा समज, टॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये भ्रम ठरवला. २०१८ मध्ये जोशुआ मिलर व ॲडम सान्हुर्हो यांनी त्या गणनेतील सांख्यिकी त्रुटी दाखवली आणि चाहत्यांच्या समजात काही तथ्य असू शकते हे मान्य करावे लागले.

परिणाम व उपाय. निष्ठेमुळे पडत्या काळातही संघाला प्रेक्षक मिळतात, हा या वृत्तीचा उपकारक भाग. अपकारक भाग माणसांना भोगावा लागतो : एका सुटलेल्या झेलावरून खेळाडूला विकला गेल्याचे ठरवले जाते, पंचांना धमक्या येतात, एखाद्याला ‘पनवती’ म्हणून हिणवले जाते. यावर साधे उपाय आहेत. भाकीत सामन्यापूर्वी लिहून ठेवावे. मत मांडताना चारही रकाने भरावेत. वादग्रस्त निर्णय पाहताना संघांची अदलाबदल करून आपले मत तेच राहते का, हे तपासावे. चेन्नईच्या १९९९ मधील त्या पराभवानंतर चेपॉकवरील प्रेक्षकांनी मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघाला उभे राहून टाळ्या दिल्या. त्यांचे भारतावरचे प्रेम त्या दुपारी तसूभरही कमी झालेले नव्हते. संघावरचे प्रेम आणि खेळाचा न्याय्य निवाडा ही दोन्ही कामे एकच प्रेक्षक करू शकतो. पहिले आपोआप घडते, दुसऱ्याची सवय लावून घ्यावी लागते.