भिंतीवर टांगलेला डाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाऊस सरतो, शेतातलं भात पिवळं पडतं आणि दिवाळी आठ दिवसांवर येते. आमच्या मालवणच्या घरात तेव्हा साफसफाईची एकच धांदल उडायची. जळमटं काढणं, दारं पुसणं, अंगण करणं ही मोठ्यांची कामं. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून काचा पुसायच्या, हे आम्हा मुलांचं काम. दत्तगुरू, लक्ष्मी, शिवाजी महाराज असे सगळे ओळीने ओटीवर उतरायचे. त्यांत एक तसबीर मात्र वेगळी होती. काळ्या चौकटीत आठ गोल पानं. एका पानावर तख्तावर बसलेला मुकुटधारी, एकावर हत्तीवरचा राजा. मी एकदा त्या हत्तीवरच्या राजाला दत्तगुरूंच्या शेजारी ठेवून हळद-कुंकू लावलं. आजी हसून म्हणाली, "अरे, तो देव न्हय. पत्त्यातलो राजा तो."

ती पानं गंजिफाची होती, आणि तो राजा होता मोगली डावातला 'मीर'. दिवाळीत कोकणातल्या एका हिंदू घराच्या भिंतीवर ही इस्लामी दरबारची कला कशी येऊन बसली, याची गोष्ट आज सांगायची आहे.

गंजिफा हा शब्द आपल्याकडे इराणकडून आला. पत्त्यांचा खेळ इस्लामी जगात त्याही आधी रुळला होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या काळातली पानं जपून ठेवली आहेत. ती लांबट आहेत आणि त्यांवर माणसाचं चित्र नाही. पेले, मोहरा, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशी चिन्हं, सोनेरी वेलबुट्टी आणि निळ्या पट्टीवर अरबी अक्षरांत लिहिलेली वचनं. राजाचं पान कोणतं, हे चित्रावरून नव्हे, तर अक्षरांवरून कळायचं. इराणात आणि पुढे हिंदुस्थानात मात्र पानांवर राजा आला, वजीर आला, घोडे-हत्ती आले.

हिंदुस्थानातला गंजिफाचा पहिला उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. 1527 साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाची पानं पाठवली, कारण शाह हसनला या खेळाची फार आवड होती. अकबराच्या वेळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचं सविस्तर वर्णन केलं. त्यात बारा रंगांचा, म्हणजे 144 पानांचा डाव आहे. अश्वपती, गजपती, नरपती अशी त्या रंगांची नावं. त्यात एक 'नावपती'ही आहे, जहाजात बसलेला राजा. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना तो विशेष जवळचा वाटावा.

पण पुढे टिकला आणि आमच्या भिंतीवर आला तो आठ रंगांचा डाव. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. म्हणजे मुकुट, रुप्याचं नाणं, तलवार, चाकर, वीणेसारखं वाद्य, सोन्याचं नाणं, सरकारी कागद आणि व्यापाराचा माल. नीट पाहिलं तर यात एका राज्याचा सगळा कारभार आला: सिंहासन, खजिना, फौज, नोकरचाकर, गाणंबजावणं, दफ्तर आणि कोठार. प्रत्येक रंगात एक मीर, एक वजीर आणि एक ते दहा अंकांची पानं, अशी बारा. बारा आठे शहाण्णव. तीन गडी बसायचे आणि प्रत्येकाला बत्तीस पानं वाटायची. चार रंगांत दहा हे पान मोठं, तर उरलेल्या चार रंगांत एक्का मोठा. दिवसा खेळायला बसलं तर सोन्याच्या नाण्याच्या मीराने सुरुवात, रात्री बसलं तर रुप्याच्या. एकाला सूर्याचा मान, दुसऱ्याला चंद्राचा.

हा दरबारी खेळ आमच्या दक्षिण कोकणात आला तो सावंतवाडी संस्थानात. तिसरे खेम सावंत 1755 ते 1803 या काळात गादीवर होते. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या जयाप्पांची मुलगी त्यांना दिली होती, आणि दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजेबहादूर' हा किताब मिळाला होता. दिल्लीचा किताब आणि दिल्लीचा खेळ दोन्ही मिरवणारा तो काळ होता. सावंतवाडीत गंजिफाच्या कलेला राजाश्रय मिळाला तो याच काळात, असं मानतात. लाकडावर लाखेचं रंगकाम करणारी चितारी मंडळी तिथे होतीच. आजही सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळं आणि खेळणी यांसाठी प्रसिद्ध आहे.

चितारी मंडळींनी मोगली डाव रंगवला आणि त्याच्या शेजारी आपला डाव मांडला. तो दशावतारी गंजिफा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे कल्कीपर्यंत दहा रंग, पानं 120. मीराच्या जागी खुद्द अवतार बसले. वजीर मात्र वजीरच राहिला, फार तर त्याला प्रधान म्हणू लागले. खेळाचे नियमही तेच. रंग निम्मे सुलटे, निम्मे उलटे. सूर्य-चंद्राच्या नाण्यांचा मान राम आणि कृष्ण यांना मिळाला, दिवसा राम आणि रात्री कृष्ण. दिवाळीनंतर जत्रांतून रात्र रात्र दशावतार पाहणाऱ्या आमच्या लोकांना ही पानं परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. एकाच माणसाने सकाळी मोगली मीर रंगवावा आणि संध्याकाळी मत्स्यावतार, कुंचला तोच, लाखही तीच. मोगली डावाचं एक नावही ऐकण्यासारखं आहे, 'चंगकांचनी'. चंग फारसी, तर कांचन आपलं सोनं.

पान करण्याची कृती चिकाटीची. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे. वर पांढरा लेप द्यायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. मग रंग, बारीक रेघा, कडेची नक्षी आणि शेवटी लाखेचा हात. अशी शहाण्णव पानं आणि त्यांना ठेवायला रंगवलेली पेटी. छापील बावन्न पानांचा जोड दोन-चार आण्यांत मिळू लागल्यावर याचं काय झालं असेल, ते सांगायला नको. खेळणारे गेले, मग विकत घेणारे गेले आणि अखेर करणारेही जवळजवळ संपले.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी या कलेकडे लक्ष वळवलं, तेव्हा पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे ही कला जाणणारे उरले होते. त्यांच्याकडून राणीसाहेब स्वतः शिकल्या, तरुणांना शिकवलं आणि राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्येच चित्रकार कामाला बसले. मोती तलावाकाठच्या त्या वाड्यात गेलात तर आजही रंगांच्या वाट्या घेऊन बसलेली मंडळी दिसतात. सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पण कला वाचली ती कशी? ती हातातून भिंतीवर गेली म्हणून. आज लोक गंजिफा घेतात ते खेळायला नव्हे. दिवाळीला नव्या घरात टांगायला, कोणाला भेट द्यायला. ही गोष्ट आमच्या घरात फार आधीच घडली होती.

आजोबांच्या पश्चात घराच्या वाटण्या झाल्या. भांडी, माड, जमीन यांच्याबरोबर गंजिफाची पेटीही निघाली. भाऊ तिघे, पानं शहाण्णव. प्रत्येकाला बत्तीस-बत्तीस आली. हा हिशेब खेळातल्या वाटपाचाच, पण ही वाटणी खेळण्यासाठी नव्हती. एक वाटा मालवणला राहिला, एक गिरगावात गेला, एक बेळगावात. गिरगावच्या काकांनी सगळी पानं एका मोठ्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली, आणि लोक कौतुक करायचे. तिघांनाही आपण पूर्वजांची ठेव जपतो आहोत असंच वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवसापासून कोणाच्याच घरी डाव मांडता येईना.

गेल्या दिवाळीत आम्ही चुलत भावंडं मालवणला जमलो, येताना सगळ्यांनी आपापली पानं आणली होती. मोजली. गिरगावची बत्तीस, आमची चौकटीतली आठ आणि डब्यातली एकोणीस, बेळगावची बारा. एकूण एक्काहत्तर. पंचवीस पानं कसरीने, ओलीने आणि आमच्या हयगयीने नेली होती.

ती पंचवीस नवी करून घ्यावीत म्हणून मी सावंतवाडीला एका कारागिराकडे गेलो. त्यांनी जुनं पान हातात घेतलं, उलटं केलं आणि विचारलं, "टांगायला हवीत की खेळायला?"

मी म्हटलं, "का हो?"

"टांगायची असतील तर पंचवीस करून देतो, पाठ कोण बघतो? खेळायची असतील तर सगळ्या पानांची पाठ सारखी हवी. नवं पान लगेच ओळखू येईल."

आम्ही पूर्ण डाव करायला दिला आहे, शहाण्णव पानांचा. जुनी एक्काहत्तर भिंतीवर राहतील, दिवाळीला उतरवून त्यांची काच पुसली जाईल. नवी पानं मात्र चौकटीत बसवायची नाहीत, असं भावंडांत ठरलं आहे.